फ्रेंच-स्पॅनिश-लॅटिन शिकवून पोट भरतं का? चोपड्याहून विचारतेय

अडावदची

नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यातली. जळगावला होस्टेलवर राहून बारावी आर्ट्‌स करतेय. अकरावीत सगळ्यांनी मार्कांसाठी फ्रेंच घेतलं म्हणून मीही घेतलं. पेपर सोपा असतो हे खरंच आहे. पण आता असं झालंय की पोर्शन संपला तरी ते पुस्तक मिटवत नाही. इतिहासाचं लगेच मिटतं, अर्थशास्त्राचं तर उघडतच नाही.

दहावीपर्यंत माझं संपूर्ण संस्कृत होतं. मध्यंतरी मोबाईलवर लॅटिनचे धडे सापडले आणि बघते तर विभक्त्या! रात्री रोसा, रोसाम, रोसाय म्हणत बसले की रूममेट विचारते, कसला जप चाललाय?

मला पुढे कॉलेजात किंवा विद्यापीठात शिकवायचंय. फ्रेंच, जमलं तर स्पॅनिश, आणि लॅटिन. 'तुझं नाव काय, तू कुठे राहतेस' एवढंच नाही, साहित्य शिकवायचंय. घरी हे बोलले तर पप्पा गप्प बसले. आमची केळी आहे, करपा किती आला आणि भाव काय फुटला यावर घरचं वर्ष ठरतं, त्यामुळे त्यांचं गप्प बसणं मला कळतं. काका म्हणतात ॲग्रीचा डिप्लोमा कर, कृषी केंद्र टाकून देऊ. आई म्हणते डी.एड. कर आणि मोकळी हो.

मला नक्की काय विचारायचंय तर, असं कोणी आपल्या भागातून गेलंय का? एम.ए. कुठे करायचं? नेटला, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला, फ्रेंच असतं का, लॅटिन असतं का? साहित्य खरंच शिकवायला मिळतं का? आणि शेवटी परत खान्देशात येता येतं का, की गेलं ते गेलंच?

पांझराकाठ

पोरी, तुले जे करनं शे ते कर. पन नोकरी कोठे शे ते पयले दखी ले.

अहिराणी एवढीच, बाकी मराठीत लिहितो म्हणजे सगळ्यांना वाचता येईल. माझ्या भाच्याने पुण्यात जर्मन केलं. आज आयटी कंपनीत आहे, पगार चांगला आहे, घर घेतलं. प्राध्यापक होण्याचा हट्ट धरला असता तर अजून सायकलवर असता. भाषा शीक, पण कंपनीसाठी शीक. कॉलेजच्या नोकऱ्यांचं काय चाललंय ते धुळ्यात आम्ही रोज बघतो. ज्या विषयांना ढीगभर विद्यार्थी आहेत त्यांच्याही जागा भरत नाहीत, तर तुझ्या लॅटिनला कोण विचारतो?

तासिका_तत्त्व

पांझराकाठ भाऊंचं बोलणं कडू आहे, पण खोटं नाही. मी याच धंद्यातला, म्हणून आतलं सांगतो.

दोन ज्युनियर कॉलेजांत फ्रेंचचे तास घेतो, एक जळगावात, एक भुसावळला. संध्याकाळी एका इंजिनियरिंग कॉलेजात आठवड्यातून दोनदा. सकाळची गाडी हुकली की भुसावळचा पहिला तास हुकला, आणि तास हुकला की त्याचे पैसे हुकले. मे महिन्यात तास नाहीत म्हणजे मे महिन्यात काही नाही. एका संस्थेने मागच्या वर्षीचं मानधन दिवाळीनंतर दिलं, तेही तीनदा अर्ज केल्यावर. घर चालतं ते शिकवण्यांवर. परदेशी निघालेली मुलं, नर्सिंगवाल्या मुली, एक-दोन डॉक्टरांची पोरं.

वर्गातलं म्हणशील तर ऐंशी टक्के मुलांना फक्त एक गोष्ट हवी असते: "सर, निबंध कुठला येणार?" त्यांचा राग येत नाही, मार्कांसाठीच आलेत ती. पण दर वर्षी एखादी तुझ्यासारखी निघते, जी पेपर देऊन झाल्यावरही प्रश्न विचारत राहते. तिच्यासाठी मी वेगळं काही आणून ठेवतो.

सल्ला एकच. बारावीनंतर इथे वर्ष घालवू नकोस. माझं सगळं शिक्षण नोकरी सांभाळत तुकड्यातुकड्याने झालं, सर्टिफिकेट, डिप्लोमा, ॲडव्हान्स्ड डिप्लोमा. एम.ए. राहिलंच, त्यामुळे कायम जागेची जाहिरात आली तरी मी अर्जच करू शकत नाही. सरळ बी.ए.ला मुख्य विषय म्हणून भाषा घे.

फैजपूरची_लेक

सविस्तर लिहिते, कारण असा प्रश्न या मंडळावर पुन्हा कधी येईल सांगता येत नाही.

मी यावल तालुक्यातली. सगळी नोकरी विद्यापीठात फ्रेंच शिकवण्यात गेली, मधली काही वर्षं स्पॅनिशही शिकवलं, आणि ज्यांना हवं होतं त्यांना सुट्टीत घरी बसवून लॅटिन. आता निवृत्त होऊन पुण्यात असते. गावी घर आहे, भाऊ केळी करतो, त्यामुळे तुझे पप्पा गप्प का बसले हे मला वेगळं सांगायला नको.

आधी साहित्याचं. या नोकरीत साहित्य मिळतं, पण शेवटी आणि थोडं. इंग्रजीच्या प्राध्यापकाकडे येणारं पोर निदान दहा वर्षं इंग्रजी शिकून आलेलं असतं. आपल्याकडे येतं ते कोऱ्या पाटीने. त्याला फ्लोबेरच्या कादंबऱ्यांपर्यंत न्यायचं तर आधी 'असणे' आणि 'जवळ असणे' ही दोन क्रियापदं सगळ्या काळांत चालवून घ्यायची, घड्याळ शिकवायचं, दुकानात भाजी कशी मागायची ते शिकवायचं. तिसऱ्या वर्षी कुठे एखादी कथा सलग वाचता येते. आणि तिसरं वर्ष येतं तोवर निम्मा वर्ग कंपन्यांत गेलेला असतो. मग जे चार-सहा उरतात त्यांच्यासोबत बोदलेरच्या कविता. बाकी वेळ पुन्हा नवा वर्ग, पुन्हा तेच घड्याळ.

मी टिकले, कारण मला ते घड्याळ शिकवायला आवडायचं. खरंच आवडायचं. कोऱ्या पाटीचं पोर जूनमध्ये तोंड उघडायला लाजतं आणि डिसेंबरमध्ये माझीच चूक काढतं, यात जी मजा आहे ती मला एम.ए.च्या सेमिनारात क्वचित मिळाली. माझ्या बरोबरचे एक-दोघे माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वाचलेले होते, पण नवशिक्यांचा वर्ग म्हटला की त्यांच्या कपाळावर आठ्या. ते भाषांतरात गेले आणि सुखात आहेत. तेव्हा 'मला साहित्य आवडतं का' हे विचारू नकोस, ते आवडतंच सगळ्यांना. 'मला शिकवायला आवडतं का' हे बघ. होस्टेलवर अकरावीच्या दोन मुलींना गोळा कर आणि महिनाभर शिकव. आपोआप कळेल.

आता कागदपत्रांचं, भराभर. सहायक प्राध्यापक व्हायला एम.ए.ला ५५ टक्के आणि नेट किंवा राज्याची सेट, अथवा पीएच.डी. राखीव प्रवर्गांना टक्केवारीत सूट आहे. नेटला फ्रेंच आहे, स्पॅनिश आहे. लॅटिन नाही. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये, त्यावर पीएच.डी. निभते. कायम नोकरीत सातव्या वेतन आयोगाचा मूळ पगार ५७,७०० पासून सुरू होतो. तासिका भाऊंचं वाचलंस ना, मधल्या वर्षांत तेही तुझ्या वाट्याला येऊ शकतं. घरी सांगताना दोन्ही सांग, फक्त ५७,७०० सांगू नकोस.

बी.ए.साठी दिल्लीला जेएनयू किंवा हैदराबादला इफ्लू, म्हणजे इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ. दोन्हीकडे भाषा शून्यापासून शिकवतात, बारावीला फ्रेंच नसलं तरी चालतं. जेएनयूचा प्रवेश सीयूईटी या देशपातळीवरच्या परीक्षेवर होतो, तो फॉर्म चुकवू नकोस. वसतिगृह आहे, फी परवडते, आणि फ्रेंच-स्पॅनिश-पोर्तुगीजवाले एकाच कॅन्टीनमध्ये भेटतात. एम.ए.ला दिल्ली नको म्हणाले घरचे, तर पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट आहे, विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग तिथेच. मुंबई विद्यापीठातही फ्रेंच विभाग आहे. स्पॅनिशच्या जागा मात्र बोटावर मोजण्याइतक्या, जेएनयू, दिल्ली विद्यापीठ, इफ्लू, जामिया अशा. म्हणून मुख्य फ्रेंच ठेव आणि स्पॅनिश जोडीला घे. एक पक्की झाली की दुसरी निम्म्या कष्टात येते, दोघींची आई एकच, लॅटिन. बरोबर डेल्फच्या, म्हणजे फ्रेंचच्या प्रमाणपत्राच्या, परीक्षा देत जा. शिकवायचं असेल तर त्यांच्या वरच्या दाल्फ सी-१ पर्यंत पोचल्याशिवाय थांबू नकोस.

लॅटिनवर पांझराकाठ भाऊंचा प्रश्न बरोबर आहे, त्याला कोणी विचारत नाही. पूर्वी मुंबई विद्यापीठात संस्कृत, फारसीच्या बरोबरीने लॅटिन घेता यायचं. गांधीजींनी तर लंडनची मॅट्रिक द्यायला लॅटिन घेतलं आणि पहिल्या खेपेला त्यातच नापास झाले, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. आता आपल्याकडे लॅटिन मुख्यत्वे पाद्री घडवणाऱ्या संस्थांत राहिलंय. स्वतंत्र पद म्हणून कुठे अर्ज करशील अशी आशा ठेवू नकोस.

तरीही शीक. का ते एका उदाहरणाने दाखवते. फ्रेंचमध्ये एक नियम आहे ज्याने फ्रेंच मुलांचेही मार्क जातात. 'मी लिहिलेलं पुस्तक' म्हणताना 'ल लिव्र क जे एक्री'. पण 'मी लिहिलेली चिठ्ठी' म्हणताना 'ला लेत्र क जे एक्रीत'. चिठ्ठी स्त्रीलिंगी, म्हणून शेवटी एक 'त' ऐकू येतो. कर्म क्रियापदाच्या आधी आलं तरच असं करायचं, नंतर आलं तर नाही. सोळाव्या शतकात क्लेमां मारो नावाच्या कवीने इटालियनकडे बोट दाखवून हा नियम चक्क कवितेत सांगितला, आणि तेव्हापासून शाळकरी पोरं त्याला शिव्या घालतायत. बोलताना पॅरिसची माणसंही तो 'त' गिळतात.

आता तू मराठीत काय बोलतेस? 'मी कागद लिहिला, मी चिठ्ठी लिहिली, मी पुस्तक लिहिलं.' लिहिणारी तीच, क्रियापद कर्माच्या लिंगाने बदलतं. इंग्रजीतून फ्रेंच शिकणाऱ्याला हा नियम अर्धं वर्ष छळतो. मी मराठी मुलांना तो एका तासात शिकवायचे, इंग्रजीचं नाव न काढता. आणि 'असं का?' विचारणाऱ्या पोराला लॅटिनकडे न्यायचं. तिथे मुळात 'एपिस्तुलाम स्क्रिप्ताम हाबेओ' असं होतं, म्हणजे माझ्याजवळ चिठ्ठी आहे, लिहिलेली. 'लिहिलेली' हे चिठ्ठीचं विशेषण, मग ते चिठ्ठीसारखं चालणारच. पुढे त्यातूनच फ्रेंचचा भूतकाळ तयार झाला. ज्या मास्तराला हे माहीत नाही तो म्हणतो, "नियम आहे, पाठ करा." तुला तसं म्हणावं लागणार नाही.

लॅटिनने माझं आणखी एक दुखणं गेलं. पुण्यात पहिल्या वर्षी मी 'केयी' म्हटलं की मागच्या बाकावरून हसू यायचं. आपल्याकडे डोळ्याचा डोया आणि काळ्याचा काया होतो ना. दुसऱ्या सत्रात सर फळ्यावर 'फामीय' लिहायला लागले. लिहायचे दोन ल, म्हणायचा य. लॅटिनचं फामिलिया घासत घासत फामीय झालं होतं. स्पॅनिशमध्येही तेच, रस्ता लिहायचा दोन ल घालून आणि बहुतेक लोक म्हणणार 'काये'. त्या दिवशी मागच्या बाकावरची मंडळी जीभ वळवून 'य' काढायचा प्रयत्न करत होती आणि मी निवांत बसले होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला कोणी सांगितलं नाही, उशिरा सुचलं. पीएच.डी.ला सगळे प्रूस्त आणि काम्यू घेतात. घे बापडी, पण त्यांच्यावर पॅरिसचा माणूस तुझ्यापेक्षा बरं लिहील, त्याच्याकडे सगळे कागद घरापाशी आहेत. तू असं काही घे जे त्याला जमणार नाही. ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला जायचा. त्याचा प्रवासग्रंथ १६७६ साली पॅरिसला छापला गेला. त्यात मुक्कामांची यादी आहे: नवापूर, नंदुरबार, थाळनेर, आणि पुढे तुझं चोपडं. नवापूरच्या तांदळाचं त्याने असं वर्णन केलंय की दाणा बारीक, शिजल्यावर बर्फापेक्षा पांढरा आणि वास कस्तुरीचा. बडे लोक दुसरा तांदूळ खातच नाहीत म्हणतो. हा उतारा मी दुसऱ्या वर्षाला वाचायला द्यायचे. दिल्लीच्या मुलांना तो कठीण फ्रेंच उतारा वाटायचा. एकदा वर्गात नंदुरबारचा मुलगा होता, तो उभा राहून म्हणाला, "मॅडम, हा रस्ता चुकीच्या क्रमाने लिहिलाय का बघू," आणि नकाशा काढून बसला. पुढचे दोन तास साहित्याचेच झाले, आणि अभ्यासक्रमात ते कुठेच नव्हते.

असं खूप पडलंय. मराठी भाषा कशी घडली यावरचा पायाभूत ग्रंथ ज्यूल ब्लॉक या फ्रेंच माणसाने फ्रेंचमध्ये लिहिला, १९२० साली छापला. गी दलरी या फ्रेंच जेझुइट पाद्रीने तुकोबांना फ्रेंचमध्ये नेलं. मराठ्यांच्या इतिहासाला पोर्तुगीज कागद लागतात, गोव्याचे इतिहासकार पिसुर्लेकर यांनी त्यातच आयुष्य घातलं, आणि तरी गोव्याच्या दफ्तरात वाचणारे हात कमी आहेत. गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचं एम.ए. होतं. जेझुइटांनी रोमला जे लिहिलं त्यात लॅटिनही आहे. मोडी, फ्रेंच, पोर्तुगीज आणि थोडं लॅटिन वाचणारा एक माणूस आणून दाखवा म्हटलं तर मला पटकन नाव सुचत नाही.

खान्देशात परत येण्याबद्दल खरं सांगते, कायम पदावर येणं मला तरी दिसत नाही. मी आले नाही. पण अमळनेरात १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर निघालं तेव्हाही कोणीतरी म्हटलं असेलच की इथे याला कोण विचारतो.

अडावदची

मॅडम, मी हे होस्टेलच्या गच्चीवर बसून वाचलं. चोपड्याचं नाव त्या पुस्तकात आहे हे वाचून पप्पांना फोन केला, ते म्हणाले, "मग भाव काय होता तेव्हा?" 😄

तासिका सर, तुम्हालाही धन्यवाद. मे महिन्याचं लक्षात ठेवेन.

एक विचारते. लॅटिन आत्ता सुरू ठेवू की फ्रेंच पक्कं झाल्यावर? दोन्हीत गोंधळ होईल का? आणि लॅटिनमध्ये वाचायचं काय असतं, सगळं युद्ध आणि देवच का?

लेणी_गाईड

मधेच घुसतो, माफ करा. मी अजिंठ्याला गाईड आहे, स्पॅनिश बोलतो. शिकलो ते दिल्लीला, सर्व्हान्तेसच्या नावाच्या स्पेन सरकारच्या संस्थेत. ताईला एवढंच सांगायचं की शिकवणं आणि नोकरी यांच्या मधेही जागा आहे. विमानाने आलेला स्पेनचा किंवा अर्जेंटिनाचा ग्रुप असला तर स्पॅनिशवाल्या गाईडचा दर वेगळा असतो. हिवाळ्यात मान वर करायला वेळ नसतो, सोमवारी तेवढी लेणी बंद. उन्हाळ्यात मात्र काहीच नाही, तासिका भाऊंच्या मे महिन्यासारखंच. पण पीएच.डी. करताना सुट्टीत चार पैसे आणि रोज सहा तास बोलायचा सराव मिळत असेल तर वाईट काय? लोक व्याकरण विचारत नाहीत, पण पद्मपाणीच्या हातात नेमकं काय आहे ते त्यांच्या भाषेत सांगावं लागतं.

फैजपूरची_लेक

गाईड भाऊंचं ऐक. माझे दोन विद्यार्थी असंच करत पीएच.डी. झाले.

लॅटिन आत्ता सोडू नकोस, पण रोज अर्धा तासच. बारावीची परीक्षा होईपर्यंत फ्रेंचला पहिला मान. गोंधळ होत नाही, उलट तुझं संस्कृत ताजं आहे तोवर विभक्त्या लवकर बसतील. संस्कृतला सात आणि संबोधन, लॅटिनला संबोधन धरून सहाच, त्यामुळे तुला त्यात काही कमी पडल्यासारखं वाटेल, वाढल्यासारखं नाही. पुस्तक म्हणशील तर ओरबर्ग नावाच्या डॅनिश शिक्षकाचं घे. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळं लॅटिनमध्येच, पण इतकं हळूहळू चढत जातं की कोश उघडावा लागत नाही. मूळ ग्रंथ पर्सियसच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, जुनी फ्रेंच पुस्तकं गॅलिका नावाच्या संकेतस्थळावर.

युद्ध आणि देव भरपूर आहेत, सीझर तर दुसरं काही लिहीतच नाही. पण तू केळीवाल्याची मुलगी, तू व्हर्जिल या रोमन कवीचं शेतीवरचं काव्य वाच. चार भाग आहेत: पेरणी-नांगरणी, झाडं आणि द्राक्षवेली, गुरं, आणि चौथा मधमाश्या. नांगर कुठल्या लाकडाचा करायचा इथपासून सुरुवात. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा वेडी झाले होते, सुट्टीत घरी येऊन आबांना मराठीत करून सांगायला बसले. दुसऱ्या भागात कलमांचं आहे. तिथे कवी म्हणतो, चिनारासारख्या झाडाला सफरचंदं लागली, ॲश नावाच्या झाडाला नासपतीचा फुलोरा आला. आबा आडकित्त्याने सुपारी कातरत होते. थांबले आणि म्हणाले, "या माणसाने कलम बांधलेलं नाही कधी. आंब्यावर आंबा चढतो, लिंबावर मोसंबी चढेल. बाभळीवर पेरू चढवतो का कोणी?" विद्वानांनी त्या ओळींवर पानंच्या पानं लिहिलीयत, कोणी म्हणतं कवीला चमत्कार दाखवायचाय, कोणी म्हणतं माणसाची जबरदस्ती दाखवायचीय. माझा पहिला निबंध आबांच्या त्या वाक्यावरून निघाला.

मग मी बहिणाबाईंकडे परत गेले. तिथे पेरणी आहे, मळणी आहे, कापूस आहे, विहिरीवरची मोट आहे, आणि अशी चूक एकही नाही. व्हर्जिलने लिहिलं ते रोममधल्या बड्या माणसांसाठी, मातीत हात घालून नव्हे. बहिणाबाई लिहीतच नव्हत्या, काम करता करता म्हणत होत्या, दुसऱ्यांनी टिपून ठेवलं. म्हणून व्हर्जिल खोटा ठरत नाही हं. लष्करातून सुटलेल्या शिपायांना वाटायला शेतकऱ्यांच्या जमिनी काढून घेतल्या जात होत्या त्या काळातला तो माणूस, जमीन गेलेला शेतकरी त्याच्या आधीच्या कवितांत बोलतो ते ऐकण्यासारखं आहे. धरणात गाव गेलेल्या तापीकाठच्या माणसाला ते मी समजावून सांगायची गरज पडत नाही. हे दोघे शेजारी ठेवून शिकवायचा मी प्रयत्न केला. अभ्यास मंडळात एकाने विचारलं, "याचा फ्रेंचशी काय संबंध?" संबंध दाखवता येतो, फ्रेंच कवींनी व्हर्जिल शतकानुशतकं भाषांतरला. पण ते पेपरचं नाव मंजूर व्हायला फार वेळ गेला, आणि मंजूर झालं तेव्हा मी निवृत्तीला टेकले होते. आता कोणी शिकवत नाही.

पांझराकाठ

मॅडम, धुळ्यात राजवाडे मंडळात जुने कागद आहेत ते माहीत होतं. त्यात फ्रेंच वगैरे निघेल का?

फैजपूरची_लेक

तिथे मुख्यतः मराठी दफ्तर, मोडीतलं. म्हणूनच म्हटलं, पोरीने मोडी शिकून घ्यावी. एका हातात मोडी असली तर दुसऱ्या हातातल्या फ्रेंचला किंमत येते. सुट्टीत मोडीचे वर्ग निघतात, चौकशी करून कळवाल का? तुम्ही तिथलेच आहात.

पांझराकाठ

करतो. शनिवारी जातो तिकडं. पोरी, तू सीयूईटीचा फॉर्म भर तवर.

अडावदची

हो काका. पप्पा म्हणतात दिल्लीला ते स्वतः सोडायला येतील, पण आधी पुण्याला येऊन मॅडमना भेटायचं म्हणतात. मॅडम, परीक्षा झाल्यावर आलो तर चालेल का?

फैजपूरची_लेक

या की. येताना भरताची वांगी आणा, हिरवी, आपल्याकडची. पुण्यात मिळतात ती भरताची नसतात. पप्पांना सांग, ताव्हेर्निएचं ते पान काढून ठेवते, केळीचा भाव त्यात आहे का ते बसून शोधू.